एजीएममध्ये तोंड कसं उघडायचं आणि कधी मिटायचं

सप्टेंबर आला की दाराखालून नोटीस सरकते. वार्षिक सर्वसाधारण सभा, रविवार सकाळी १०, पार्किंगमध्ये, खाली विषयपत्रिका, सेक्रेटरींची सही आणि तळाला ती ठरलेली ओळ की कोरम (म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी) न भरल्यास सभा अर्धा तास तहकूब होऊन त्याच ठिकाणी पुन्हा घेतली जाईल व त्या सभेस कोरमची आवश्यकता राहणार नाही. आर्थिक वर्ष मार्चला संपतं आणि ३० सप्टेंबरच्या आत एजीएम उरकायची असते म्हणून महाराष्ट्रभरच्या सोसायट्यांची धांदल एकाच महिन्यात, गणपतीच्या मागेपुढे.

आणि मग दरवर्षी तेच होतं. दोन-तीन माणसं आवाज चढवून सगळी सभा खाऊन टाकतात, बाकीचे तोंडात मिठाची गुळणी धरून समोशाची वाट बघत बसतात, हात वर करायचे तिथे वर करतात आणि सभा संपल्यावर लिफ्टपाशी ज्यांचा एक शब्द निघाला नव्हता त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. अहो एवढा खर्च कसा काय झाला, मला तर तेव्हाच डाऊट आला होता, पण म्हटलं जाऊदे कशाला वाईटपणा घ्या.

हे लिहितेय ते या लिफ्टपाशीवाल्यांसाठी. आरडाओरडा करणाऱ्यांनीही वाचलं तर बरंच, पण ते वाचणार नाहीत हे मला माहितीये.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकूया की गप्प बसणारा माणूस भित्रा असतोच असं नाही. ऑफिसात क्लायंटला सरळ नाही म्हणणारी बाई एजीएममध्ये मान खाली घालून बसते ती का, तर समोर बसलेला सेक्रेटरी तिला रोज भेटणार असतो, तिच्या गैरहजेरीत कुरियर त्याच्या घरी ठेवलं जातं, तिच्या सासूबाईंना चक्कर आली तेव्हा रात्री गाडी त्यानेच काढली होती, आणि शिवाय तो हे काम फुकटात करतोय. अशा माणसाला हिशोब विचारायचा म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं वाटतं. ही भीड खरी आहे. त्यामुळे कॉन्फिडन्स वाढवा, आरशासमोर उभं राहून बोला वगैरे सल्ले इथे फारसे चालत नाहीत. स्टेजवर बोलायची भीती वेगळी आणि शेजाऱ्याला दुखवायची भीती वेगळी, दुसरीवर उपाय हाच की न दुखवता विचारता येईल असा प्रश्न घरूनच बनवून न्यायचा. या अख्ख्या लेखात मला सांगायचंय ते साधारण एवढंच, बाकी सगळं तो प्रश्न बनवायचा कसा, टाकायचा कधी आणि नंतर त्याच्यामागे लागायचं कसं.

शाळेत एक सुभाषित पाठ करून घेतलेलं असतं बघा, सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात्, न ब्रूयात् सत्यमप्रियम्. खरं बोलावं, गोड बोलावं, पण खरं असलं तरी कडू असेल तर बोलू नये. आपल्या सोसायट्या या ओळीवर चालतात असं माझं स्पष्ट मत आहे. याच प्रश्नावर बुद्धाने दिलेलं उत्तर मला जास्त कामाचं वाटतं. मज्झिम निकाय या पाली ग्रंथात अभय नावाच्या राजपुत्राची गोष्ट आहे, त्याला मुद्दाम शिकवून पाठवलेलं असतं की जाऊन विचार, तुम्ही लोकांना न आवडेल असं बोलता का, हो म्हटलं तरी अडकतील आणि नाही म्हटलं तरी अडकतील. अभयच्या मांडीवर तेव्हा तान्हं बाळ असतं. बुद्ध त्यालाच उलट विचारतात, या बाळाने तोंडात काडी नाहीतर खडा घातला तर तू काय करशील. तो म्हणतो, डाव्या हाताने डोकं धरीन आणि उजव्या हाताचं बोट वाकडं करून काढीन, रक्त आलं तरी काढीन, कारण मला त्याची दया आहे. मग बुद्ध सांगतात की खोटं असेल ते मी बोलत नाही, खरं असून उपयोगाचं नसेल तेही बोलत नाही, आणि खरं आहे, उपयोगाचं आहे पण ऐकणाऱ्याला आवडणार नाही, असं असेल तर त्याची वेळ बघून बोलतो. म्हणजे कडू आहे म्हणून गिळून टाक असं कुठेही नाही. उलट गोड गोष्टीलासुद्धा वेळ बघायला सांगितलीये, ते तर आपण कधीच बघत नाही, सभा सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत की कमिटीच्या अभिनंदनाचा ठराव.

वाणीच्या पाच कसोट्याही त्याच परंपरेत आहेत, वेळेवर, खरं, मऊ शब्दांत, उपयोगाचं आणि मनात मैत्री ठेवून. सम्यक वाचा म्हणतात ती हीच. इथे लोक मऊ शब्दांत एवढंच धरून बसतात आणि उरलेल्या चार सोडून देतात. आणि कुणाला वाटत असेल की सम्यक वाचा म्हणजे हळू आवाजात बोलणं तर त्याने हे लक्षात घ्यावं की बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक सुरू केलं तेव्हा मथळ्यावर तुकोबांचा अभंग घातला होता, काय करूं आतां धरूनियां भीड, निःशंक हें तोंड वाजविलें. त्यापुढे आपली सोसायटीच्या गळतीवरची भीड म्हणजे काहीच नाही, पण असो.

आता कामाचं.

नोटीस नीट वाचा. हे ऐकायला बावळटपणाचं वाटतं पण बहुतेक लोक फक्त तारीख आणि वेळ बघतात. एजीएमची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी यायला हवी आणि ते १४ दिवस तुमच्या तयारीसाठीच आहेत. सोबत जमाखर्च, ताळेबंद आणि ऑडिट रिपोर्ट आला असेल तर तो चहा पिताना एकदा चाळा, आला नसेल तर पहिलं पत्र तेच, की कृपया हिशोबपत्रकांची प्रत मिळावी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली सभासदाला सोसायटीची कागदपत्रं बघायचा हक्क आहे, तो उपकार म्हणून मिळत नाही, त्यामुळे मागताना उगाच सॉरी सॉरी करू नका, आणि त्यांची बॅग तपासायला आल्यासारखंही करू नका.

हिशोब वाचायला सीए असायची गरज नाही. मागच्या वर्षीचा आकडा आणि या वर्षीचा आकडा शेजारी असतात, ज्या ओळीत उडी दिसेल तिथे पेन्सिलने टिंब करा. बहुतेकदा तीन-चार ओळीच निघतात, रिपेअर्स, लिफ्टचं एएमसी म्हणजे वर्षाचं देखभालीचं कंत्राट, सिक्युरिटी, आणि सगळ्यांचा लाडका किरकोळ खर्च. सिंकिंग फंड, म्हणजे पुढेमागे इमारतीच्या मोठ्या कामासाठी साठवायचा पैसा, आणि रिपेअर फंड किती जमला आणि ठेवलाय कुठे हेही बघा (उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि रिपेअर फंड ०.७५ टक्के असतो, हे माहीत असलं की निम्मे वाद आपोआप मिटतात).

मग एकच टिंब निवडा. एकच. एक ना धड भाराभर चिंध्या असं झालं की तुमच्या सात प्रश्नांमधल्या सगळ्यात फालतू प्रश्नाला उत्तर मिळतं आणि तुम्ही समाधान न होता खाली बसता.

समजा टेरेसच्या वॉटरप्रूफिंगला ४ लाख ६० हजार लागलेत आणि दुसऱ्याच पावसात सगळ्यात वरच्या मजल्यावर ओल आलीये. तुमच्या मनात जे पहिलं वाक्य येतं ते असं, की कॉन्ट्रॅक्टर कुणाचा तरी ओळखीचा होता, काहीतरी खाल्लंय. ते वाक्य कागदावर लिहा, खरंच लिहा, पोटातलं बाहेर पडलं की डोकं चालतं. आता त्याच्यावर त्या कसोट्या लावा. खरं आहे का? तुम्हाला माहीत नाही, तुम्हाला वाटतंय. म्हणजे हे बोलायचं नाही, सभेतही नाही आणि लिफ्टपाशीही नाही. मग तुम्हाला नक्की काय माहितीये? काम झालं, इतके पैसे गेले, ओल आली. आणि तुम्हाला हवं काय आहे? कुणाची अब्रू काढायचीये का छत गळायचं थांबवायचंय? हा प्रश्न स्वतःला जरा प्रामाणिकपणे विचारावा लागतो कारण पुष्कळदा उत्तर अब्रू असं येतं, गेल्या वर्षी त्यांनी आपल्या गाडीला जॅमर लावलेला असतो.

मग दुसरं वाक्य तयार होतं, ते असं, "टेरेसच्या कामासाठी किती कोटेशन आली होती आणि कॉन्ट्रॅक्टरने वॉरंटी किती वर्षांची लेखी दिलीये? वॉरंटी असेल तर ओलीचं काम त्यातच करून घेता येईल का?" बघा, यात कुणाचं नाव नाही, चोरी हा शब्द नाही, तरी सगळं आलं. कोटेशन एकच असेल तर ते आपोआप सभेसमोर येतं. वॉरंटी घेतलीच नसेल तर तेही येतं. आणि काम खरंच व्यवस्थित झालं असेल, तीन कोटेशन असतील, वॉरंटीचा कागद फाइलीत असेल, तर सेक्रेटरी खूश होऊन फाइल आणायला जातो आणि तुमचं त्याच्याशी काहीच बिघडत नाही. चांगला प्रश्न तो ज्याचं उत्तर प्रामाणिक माणसाला आनंदाने देता येतं.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही ही दुसरी बाजू. काही लोक इतकं गुळमुळीत विचारतात की आपलं ते टेरेसचं जरा बघायला पाहिजे नाही का, आणि सगळे हो हो म्हणतात आणि पुढचा विषय सुरू होतो. किती, कधी, कुठल्या कागदावर, यातलं एक तरी प्रश्नात असू द्या.

प्रश्न चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून न्या आणि सभेत सरळ वाचून दाखवा. पाठ करू नका, पाठ केलेलं ऐनवेळी विसरतं. वाचून दाखवण्यात कमीपणा नाही, सेक्रेटरी अख्खं इतिवृत्त वाचूनच दाखवत असतो की. शक्य असेल तर तोच प्रश्न चार-पाच दिवस आधी लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. याने दोन गोष्टी होतात, त्याला आकडे शोधायला वेळ मिळतो म्हणजे आत्ता माझ्याकडे नाहीये ही पळवाट राहत नाही, आणि सगळ्यांसमोर अचानक पकडल्याची भावना त्याला येत नाही. हे मैत्री ठेवून बोलणं. लोकांना वाटतं आधी सांगितलं तर ते सावध होतील. होऊ द्या ना सावध, सावध होऊन कागद नीट लावले तर फायदा तुमचाच आहे.

एक सोबती शोधा. गट नाही, लॉबी नाही, एक माणूस. त्याला तुमची सगळी मतं पटायची गरज नाही, तुमचा प्रश्न झाल्यावर त्याने फक्त एवढं म्हणायचं की हो, मलाही हे जाणून घ्यायचंय. एकट्याचा प्रश्न ही कटकट असते आणि दोघांचा झाला की तो सभेचा विषय होतो, हा फरक मी इतक्या सभांमध्ये बघितलाय की आता मी स्वतः बोलायच्या आधी हा दुसरा माणूस कोण ते ठरवते. अनोळखी वाटणारे लोक यात पुष्कळदा पुढे येतात, विशेषतः नवीन राहायला आलेली जोडपी, त्यांची जुनी भांडणं नसतात.

बायकांबद्दल वेगळं बोलायला पाहिजे. सभेत बायका मागच्या रांगेत बसतात आणि अहो बोलतील म्हणून गप्प राहतात, आणि अहो मोबाइल बघत असतात. मतदानाचा हक्क साधारणपणे शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव ज्याचं त्याला असतो, जॉइंट नाव असलेल्याचा नंबर तो हजर नसताना लागतो, तेव्हा आपलं नाव कुठे आहे ते घरचं सर्टिफिकेट काढून बघा. खूप जणींनी ते कधी बघितलेलंच नसतं, ईएमआय अर्धा भरतायत तरी. नाव दुसरं असेल तर सरळ त्या दिवशी नवऱ्याला भाजी आणायला पाठवा आणि स्वतः सभेला बसा, तो खुशीने जाईल. गंमत नाही सांगत, पाणी किती वाजता जातं, कचऱ्याची गाडी कधी येते, वॉचमन दुपारी जागेवर असतो का, हे घरात कोणाला माहीत असतं?

भाषेचा पण प्रश्न आहे. मुंबई-ठाण्याकडे सभा मराठीत सुरू होते, कुणीतरी एकजण हिंदीत बोलतो, मग सगळी हिंदीत जाते आणि मध्येच एक इंग्लिशवाला उठून प्रोसिजरल लॅप्स वगैरे म्हणतो आणि निम्मी माणसं गळपटतात. ज्या भाषेत तुम्ही घरी भांडता त्या भाषेत बोला. मराठी येत असेल तर मराठीत, कुणाला कळलं नाही तर तो विचारेल, शेजारचा सांगेल. दुसऱ्याच्या भाषेत अडखळत मांडलेला प्रश्न ऐकणाऱ्याला विनंतीसारखा वाटतो.

आता प्रत्यक्ष सभा.

अर्धा तास उशिरा जायची सवय सोडा. कोरम म्हणजे दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यातलं जे कमी ते, तेवढे जमले नाहीत तर अर्ध्या तासाने तहकूब सभा जे असतील त्यांच्यात चालू होते. म्हणजे सगळे अर्धा तास उशिरा यायचं ठरवतात तेव्हा नेमके मोजके लोक सगळं ठरवून मोकळे झालेले असतात आणि तुम्ही पोचता तेव्हा हिशोब मंजूर होऊन गेलेला असतो, मग बोला काय बोलायचं ते.

बसताना मधल्या रांगेत बसा, जिथून चेअरमनच्या डोळ्याला डोळा भिडतो. मागे उभं राहून बोललं की आवाज चढवावा लागतो आणि आवाज चढला की लोक मुद्दा ऐकत नाहीत, भांडण बघायला माना वळवतात.

तुमचा प्रश्न ज्या विषयाखाली येतो त्याच विषयाला विचारा. हिशोबाचा प्रश्न हिशोब मंजुरीच्या विषयाला, मागच्या वर्षी ठरलेलं झालं नाही हा प्रश्न मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे या पहिल्याच विषयाला. लोक हा विषय समोशाच्या ऑर्डरमध्ये घालवतात, पण गेल्या वर्षी काय ठरलं होतं आणि काय लिहिलं गेलं हे तपासायची जागा हीच. ऐनवेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीने, या शेवटच्या ओळीसाठी आपला प्रश्न राखून ठेवू नका, तोपर्यंत निम्मी सभा उठलेली असते, आणि जे बसलेत त्यांचं लक्ष जेवणाकडे. पण तुम्ही मात्र तोपर्यंत थांबा, कारण नको ते निर्णय घुसवायची जागाही तीच. ऐनवेळी मोठ्या खर्चाचा विषय आला तर शांतपणे म्हणायचं, हा विषयपत्रिकेत नव्हता, यासाठी वेगळी विशेष सभा बोलवा.

छाती धडधडेल. धडधडू द्या. उभं राहताना पुढच्या खुर्चीची पाठ धरा, म्हणजे हाताची थरथर दिसत नाही, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर हळू आणि लांब सोडा, आणि पहिलं वाक्य म्हणून स्वतःचं नाव आणि फ्लॅट नंबर सांगा. ते तुम्हाला झोपेतही येतं, त्यामुळे आवाज लागायला मदत होते. नंतर चिठ्ठी वाचा. वाचून झालं की थांबा. ही थांबायची जागा सगळ्यात अवघड, कारण चार सेकंद कुणी काही बोललं नाही की आपल्याला घाबरायला होतं आणि आपण स्वतःच भर घालायला लागतो, म्हणजे तसं काही नाही हो, तुम्ही खूप करता, मी आपलं सहज विचारलं. झालं, सगळं पाण्यात. प्रश्न विचारला की ओठ मिटा आणि समोरच्याकडे बघत राहा, शांततेचं ओझं त्याला उचलू द्या.

उत्तरात बऱ्याचदा हल्ला येतो. तुम्हाला एवढंच वाटतं तर तुम्हीच या कमिटीत, आम्ही काय फुकट मरतो का, तुमचा मेंटेनन्स आधी भरा. शेवटचं खरं असेल तर मात्र पंचाईत, थकबाकी असेल तर सभेआधी भरून टाका, आणि नाहीतरी थकबाकीवर उपविधींप्रमाणे २१ टक्क्यांपर्यंत साधं व्याज लागू शकतं तेव्हा ती ठेवण्यात शहाणपण नाहीच. बाकीच्यांना उत्तर एकच, तुम्ही करता त्याची जाणीव आहे, माझा प्रश्न तेवढा वॉरंटीबद्दल होता. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच आवाजात. समोरचा तीन नवे विषय काढेल, मागे २०१२ ला काय झालं होतं तिथपर्यंत जाईल, तुम्ही परत वॉरंटीवर. उचलली जीभ लावली टाळ्याला असं उत्तर तोंडावर आलं तर चिठ्ठीकडे बघा, त्यासाठी ती हातात असते.

तळमजल्याच्या एक काकू दरवर्षी विचारायच्या, मी लिफ्ट वापरत नाही तर मी लिफ्टचे पैसे का द्यायचे. दरवर्षी लोक हसायचे. एका वर्षी कुणीतरी उपविधी काढून वाचून दाखवला की ज्या बिल्डिंगला लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सभासदांनी खर्च सारखा वाटून घ्यायचा, वापर असो नसो. काकूंचं म्हणणं नियमात बसत नव्हतं. पण त्यांचं विचारणं बरोबर होतं, आणि हसणाऱ्यांपैकी एकालाही नियम माहीत नव्हता. मग काकूंनी तिथल्या तिथे पुढचा प्रश्न टाकला, पैसे सारखे तर तळमजल्याच्या लिफ्टच्या दारातली ट्यूब महिनाभर बंद का? ती ट्यूब दुसऱ्या दिवशी लागली. चूक निघेल या भीतीने जे गप्प बसतात त्यांच्यासाठी हे सांगितलं.

ठराव मताला टाकला आणि तुम्हाला पटला नाही तर नुसता हात खाली ठेवून भागत नाही, कारण इतिवृत्तात सर्वानुमते मंजूर असं येतं. तिथे उभं राहून एवढंच म्हणायचं, माझा विरोध आहे, कृपया इतिवृत्तात नोंद घ्या. न चिडता, भाजीवाल्याला कोथिंबीर टाक म्हणतो त्या आवाजात. मग त्याच्यावर भाषण करू नका.

आणि तोंड मिटायचं कधी? कुणाच्या घरगुती गोष्टी निघाल्या की, कोणाकडे कोण येतं जातं, कुणाचा मुलगा रात्री किती वाजता परत येतो, भाडेकरू कुठल्या जातीचे, धर्माचे, काय खातात. इथे गप्प बसणंही कधीकधी पुरत नाही, तिथे एक वाक्य बोलावं लागतं की हा सोसायटीचा विषय नाही, पुढे चला. भाडेकरूला सभेत आवाज नसतो, त्याच्याबद्दल त्याच्या पाठीमागे ठरवलं जातं, त्यामुळे हे वाक्य त्याच्या वतीने कुणीतरी म्हणायलाच हवं. त्याच्या मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दलचा आकार, घ्यायचा तर तो सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतो, १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयापासून हे ठरलेलं आहे, एवढी माहिती खिशात असली की बराच कांगावा बंद होतो. आपल्याला राग आलेला असताना, पोटात काही नसताना, आणि नुकतंच कुणीतरी आपला अपमान केलेला असताना पण मिटा, त्या वेळी आपलं खरंसुद्धा खोट्यासारखं बाहेर पडतं.

व्हॉट्सअॅप ग्रुपचं थोडक्यात. रात्री ११ नंतर काही टाकू नका. टाइप करून ठेवा, सकाळी वाचा, निम्म्या वेळा तुम्हीच डिलीट कराल. माणसाचं नाव घेऊन ग्रुपवर तक्रार करू नका, ती आधी त्याला एकट्याला, मग लेखी कमिटीला. स्क्रीनशॉट कुठे जाईल सांगता येत नाही आणि तिथे तुमचा आवाज, तुमचं हसू, काहीच जात नाही, फक्त शब्द जातात. अंगठे आणि हात जोडलेले इमोजी म्हणजे पाठिंबा समजू नका, ज्यांनी अंगठा दिला त्यातले दोघंच सभेला येतात. ग्रुपवर जो वाघ असतो त्याला सभेत शोधून बघा एकदा.

सभेनंतर खरं काम सुरू होतं आणि नव्वद टक्के लोक इथे ढेपाळतात. उत्तर मिळालं, वॉरंटीचा कागद आणून दाखवतो म्हणाले, तर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाका, आज सभेत ठरल्याप्रमाणे वॉरंटीची प्रत अमुक तारखेपर्यंत मिळेल असं आपण सांगितलंत, धन्यवाद. टोमणा नको, उद्गारचिन्ह नको. इतिवृत्ताचा मसुदा आला की तुमचा प्रश्न आणि त्याचं उत्तर त्यात आहे का बघा, नसेल तर लेखी कळवा आणि पोच घ्या. कागद मिळाला तर ग्रुपवर जाहीर थँक्यू म्हणा, हेही बोलायचं धाडसच आहे, कमिटीला शिव्या सगळे देतात. वारंवार मागूनही काहीच मिळालं नाही तर सहकारी संस्थांचं उपनिबंधक कार्यालय आहे, तिथे अर्जासोबत तुमच्या पोच असलेल्या प्रतीच कामाला येतात, आठवणीत राहिलेलं भांडण नाही.

आणि हे सगळं एकदा नीट जमलं की एक गोष्ट नक्की होणार, कुणीतरी म्हणणार की तुम्ही एवढं छान मांडता तर तुमचंच नाव कमिटीसाठी सुचवतो, आणि लगेच दुसरा अनुमोदन देणार. याचं उत्तर घरून ठरवून जा. यायचं असेल तर हो म्हणा, यायचं नसेल तर कारणं सांगत बसू नका, नुसतं म्हणा की कमिटीत नाही येत, पण पुढच्या कामाची कोटेशन आली की त्यांचा तुलना तक्ता मी करून देते. आणि मग तो खरंच करून द्या.